मी, जादाची ट्यूब

मी बोलतेय, सायकलच्या पोटाखालून. चाकांकडे बघू नका, आणि घंटीकडे तर मुळीच नको, ती उगाचच बोलते. खालच्या दांडीला एक नवी ट्यूब बांधली आहे ना, तिच्या अंगावर काळं, मळकट रबर गुंडाळलंय, ती मी. एके काळी मीसुद्धा ट्यूबच होते, चांगली अख्खी. आणि गप्प बसणं मला तेव्हाही जमत नव्हतं.

जन्मल्या जन्मल्या कारखान्यात माझ्यात हवा भरली आणि मला पाण्यात बुडवलं. बुडबुडे येतात का ते बघायचं होतं. नाही आले. त्या पाण्यात मी काय फुगले होते म्हणून सांगू! वाटलं, झालं, आता निघायचं. पण तिथल्या बाईंनी फुस्सकन माझी हवा काढली, अंगाला पावडर फासली, घडी घातली आणि खोक्यात कोंबलं. त्यानंतर मी एका दुकानाच्या खणात पडून राहिले. आजूबाजूच्या ट्यूबा जात होत्या, नव्या येत होत्या, आणि माझं आपलं एकच पालुपद, माझा नंबर कधी? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं चाललं होतं माझं.

एक दिवस खण उघडला. समोर एक उंच गृहस्थ आणि त्याच्या शेजारी त्याची बहीण. तो तिला ‘छोटे’ म्हणत होता. छोटीचे केस कानांपाशी पांढरे व्हायला लागले होते, पण दादाच्या लेखी ती छोटीच.

दुकानदाराने विचारलं, “आत्ता चाकात घालून देऊ?”

“नको नको,” दादा म्हणाला. “जादाची म्हणून पाहिजे. असू दे जवळ.”

जादाची! म्हणजे आहे, पण नसली तरी चालेल अशी. मला असा राग आला! दुकानदार म्हणत होता, “नुसती बांधू नका हं, मोज्यात घालून मग बांधा. नाहीतर घासते.” पण दादा तेव्हा घंटी वाजवून बघत होता आणि छोटी केव्हाच दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली होती. तिला कुठेही दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबवत नसे. तिथेच मला ती आवडली.

घरी गेल्यावर कळलं की तिथे जादाची मी एकटी नव्हते. घर दादा-वहिनीचं. छोटी बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपायची आणि सकाळी आपलं अंथरूण घडी करून कपाटात ठेवायची. लहानपणापासून तिला फिट्स यायच्या. एकदा ती न्हाणीघरात पडली आणि दादाला दार फोडावं लागलं. दुसऱ्याच दिवशी त्याने आतली कडी काढून टाकली. आता औषध लागू पडलं होतं, तीन वर्षांत एकही झटका नव्हता, डॉक्टरांनी सायकलला आनंदाने हो म्हटलं होतं. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. छोटी अंघोळीला गेली की दादा दारावर टकटक करायचा. “छोटे, आहेस ना?”

“आहे रे दादा,” आतून आवाज यायचा. रोज.

छोटी दातांच्या कवळ्या बनवायची. तळघरातली खोली, वर लांब दिवा, समोर दुसऱ्यांचे दात. त्या कामाच्या जवळच, एका वहीपेन्सिलींच्या दुकानाच्या वर, तिने एक खोली बघून ठेवली होती. एक खिडकी, एक शेगडी आणि न्हाणीघराला आतून कडी. त्या कडीबद्दल ती वहिनीला इतक्या कौतुकाने सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, सोन्याची असेल.

“एकटी? आणि काही झालं तर?” दादाचा ठरलेला प्रश्न.

एका रात्री जेवताना छोटीनेच पैज लावली. डोंगरातल्या कच्च्या रस्त्याने पाच दिवस सायकलवर, तीन खिंडी, एकटी. “वाटेत तुला मला न्यायला यावं लागलं, तर खोलीचं नाव पुन्हा काढणार नाही. आणि माझी मी घरी आले, तर तू किल्ली घ्यायला माझ्याबरोबर यायचं.”

दादाचा घास हातातच राहिला. वहिनी म्हणाली, “अहो, जाऊ द्या की तिला. तुमची बहीण आहे, फुलदाणी नाही.”

तो कसाबसा तयार झाला. अट एकच, रोज संध्याकाळी गोळी घेतली की कळवायचं.

निघायच्या सकाळी त्याने सायकलचा एकेक स्क्रू तपासला. मला खालच्या दांडीला लावलं, पट्टा ओढला, आणखी ओढला, पाय टेकवून आणखी ओढला. “हलता कामा नये,” तो स्वतःशीच पुटपुटत होता. पट्ट्याचं लोखंडी बक्कल माझ्या बरगडीत रुतलं. मोजा? मोजे छोटीच्या पायात होते.

आणि निघालो! डांबर संपलं, खडी लागली आणि मला काय झालं ते कसं सांगू? इतकी वर्षं खणात काढलेली मी, आणि खाली धावता रस्ता! तरी माझा जीव चाकात होता. तिथली ट्यूब धावत होती, मी नुसती लटकत होते. पंक्चर होऊ दे, असं मी मनात म्हणत होते, खोटं कशाला बोलू?

छोटीचंही बूड कुठे टेकत नव्हतं. ब्रेडचा तुकडा तोंडात धरून ती पॅडल मारायला लागायची. चढ आला की सायकल ढकलायची, उतार आला की बेसूर गायची. रस्ता कुठे कुठे इतका खडबडीत की दातावर दात आपटायचे. संध्याकाळी तंबू ठोकला की गोळी घ्यायची आणि मोबाइलला रेंज असेल तिथवर चालत जाऊन एकच शब्द पाठवायची, “गोळी.” उत्तर यायचं, “बरं.” एवढंच. पण ते उत्तर येईपर्यंत तीही तिथून हलत नसे.

पुढचं चाक खालून बारीक वाळू उडवत होतं. ती माझ्या आणि बक्कलाच्या मधे जाऊन बसली. प्रत्येक खड्ड्याला बक्कल घासायचं, कर्र. पहिली खिंड झाली तेव्हा नुसतं खाजत होतं. दुसऱ्या खिंडीनंतर आग व्हायला लागली. ओढ्यातून जाताना थोडं गार वाटलं, पण पलीकडे पुन्हा वाळू. मग एका दुपारी कळलं की त्या जागी मी आरपार गेले आहे.

मी ओरडले. अगं बाई, थांब, मला बघ! पण घंटीचं ऐकतात तसं ट्यूबचं कोण ऐकतं? आता रात्रंदिवस मला एकच घोर लागला. चाकात जायची घाई करणारी मी, आता दर दगडाला म्हणत होते, नको, या चाकाला नको लागू.

तिसरी खिंड शेवटची. तिच्या पलीकडे उतार, पायथ्याशी पेट्रोल पंप आणि तिथून घर निम्म्या दिवसाच्या वाटेवर. माथ्याजवळ रस्त्याचं काम चालू होतं, नवी धारदार खडी पसरली होती. छोटीने उतरायला हवं होतं. पण माथा दिसत होता आणि ती कसली उतरते! मागच्या चाकातून धाडकन आवाज आला. आतली ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशीच फाटली, जिथे ठिगळ बसत नाही.

छोटी मात्र हसली. “म्हणूनच तर आणलीय ना जादाची,” ती म्हणाली आणि तिने मला सोडवलं. मला तिच्याकडे बघवेना. तिने पंप लावला. मी फुगले, त्या पाण्यातल्यासारखी, आणि लगेच सूं करून बसले. तिने मला गालाजवळ धरलं, हवा कुठून येते ते शोधलं आणि बक्कलाने पाडलेलं भोक तिला सापडलं.

पंक्चर चिकटवायचं सोल्युशन होतं की. पण निघायच्या आधी घरी तिने त्याचा इतक्या वेळा सराव केला होता आणि झाकण इतकं घाईत लावलं होतं, की नळी दाबली तर आत नुसता वाळलेला गोळा. तिने कपाळाला हात लावला.

समोरून धिम्या गतीने रोड रोलर आला. चालवणारा दाढीवाला थांबला. “काय हो ताई, बसली का?”

“बसली.”

“सोडलं असतं तुम्हाला खाली, पण याच्यावर बसलात तर पुढच्या आठवड्यात पोहोचाल. फोन करा कुणाला. इथे रेंज येते.”

आणि खरंच, तेवढ्यात फोन वाजला. दादाचा. तिच्याच्याने उचलवेना आणि वाजत ठेववेनाही. शेवटी उचलला.

“कशी आहेस?”

“मस्त.”

“आवाज असा का येतोय?”

“वारा आहे, दादा.”

दादाच्या मागे हॉर्न वाजत होते, कुणीतरी “गाडी पुढे घ्या” म्हणून ओरडत होतं. छोटीचं तिकडे लक्ष नव्हतं. एक वाक्य बोलायचं बाकी होतं. ये, एवढंच म्हणायचं होतं. ती मला मुठीत आवळत चालली होती. ती घाबरली होती. मी तर मेल्याहून मेली झाले होते.

“ठेवते रे,” ती म्हणाली. “पुढे उतार आहे.”

फोन ठेवल्यावर ती रडली, मोठ्याने. रोलरवाला दुसरीकडे बघत राहिला. मग तिने नाक पुसलं, मला उलटंपालटं केलं आणि त्याला म्हणाली, “कवळीला भेग पडली ना, की वरून बुजवून चालत नाही. भेगेची कड कापून काढायची, चांगल्या भागापर्यंत जायचं, मग जोडायचं.”

“कवळी?” तो बुचकळ्यात पडला.

तिने खिशातला चाकू काढला आणि मला भोकावरच आडवं कापलं. दुखलं का? दुखलं. इतक्या वर्षांनी कामाची वेळ आली आणि माझे दोन तुकडे होणार असं वाटलं. पण मी लांबट दोरीसारखी झाले, आणि तिने दोन्ही टोकं एकत्र धरून गाठ मारली. एक टोक दातांत, एक हातात. रोलरवाला खाली उतरून दुसऱ्या बाजूने ओढायला आला. “आणखी ओढा,” ती म्हणाली, “इथे घट्टच पाहिजे.”

मला ताणून चाकात बसवलं. हवा भरली. गाठीने थोडी हवा सोडली, बरीच धरली. मी चाकात होते! सगळ्या उतारभर माझी गाठ दर फेऱ्याला जमिनीवर आपटत होती, ठप, ठप, ठप, आणि छोटी दर फेऱ्याला उसळत होती. वाटेत थांबून पुन्हा हवा भरायची, पुन्हा ठप ठप. इतकं कुरूप चाक जगात दुसरं नसेल. मला कोण आनंद झाला होता!

पायथ्याच्या पेट्रोल पंपावर दादा उभा होता. गाडीची मागची सीट पाडून ठेवलेली, सायकल मावेल अशी.

छोटीचा चेहरा उतरला. “मी बोलावलं नव्हतं.”

“मी कुठे न्यायला आलोय? पेट्रोल भरायला आलो.”

“घरापासून इतक्या लांब?”

“इथलं चांगलं असतं,” दादा म्हणाला. तो सकाळपासून तिथे होता. पंपावरच्या माणसाने दोनदा त्याची गाडी हलवायला लावली होती.

त्याने वाकून मागचं चाक दाबलं, गाठ हाताला लागली. छोटीने सगळं सांगितलं. मग त्याने खालच्या दांडीवरून बोट फिरवलं. बक्कलाखालचा रंग घासून लोखंड उघडं पडलं होतं.

“मीच बांधली होती ना?”

“हो.”

“सुटू नये म्हणून.”

“माहितीये दादा. पण फार घट्ट बांधलीस रे.”

दादाचं बोट दांडीवरच राहिलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्याच्याकडे काही नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, “मग आता?”

“तू पुढे हो. वहिनीला सांग, संध्याकाळपर्यंत येते.”

दादाने मागची सीट सरळ केली. गाडी सुरू केली. आरशात त्याने पाहिलं असणार, पण ब्रेक मारला नाही.

आम्ही पोहोचलो. ठप ठप करत, अंधार पडता पडता. दुसऱ्याच दिवशी दादा तिच्याबरोबर किल्ली घ्यायला गेला.

आता सायकल त्या खोलीत भिंतीला टेकून असते. चाकात चांगली ट्यूब आली. माझी गाठ छोटीने कापून किल्लीला अडकवली. उरलेली मी रद्दीत जाणार होते, पण रविवारी दादा आला, त्याने मला कात्रीने उभं चिरलं आणि नव्या जादाच्या ट्यूबभोवती नीट गुंडाळलं. मग पट्टा ओढला. थांबला. एक भोक मागे घेतला आणि खाली बोट सरकवून बघितलं. बोट गेलं.

तो अजून दारावर टकटक करतो. “छोटे, आहेस ना?” पण बाहेरच्या दारावर, आणि ती उघडेपर्यंत पायरीवर थांबतो. छोटी मुद्दाम उशीर लावते. आत ती कडी काढते तो आवाज मला रोज ऐकू येतो, आणि रोज आवडतो.

तुम्हाला सांगायचं एवढंच, जादाचं म्हणून जे जपून बांधून ठेवलंय, ते अधूनमधून सोडून बघा. कुठे घासतंय का ते बाहेरून कळत नाही.

बाकी माझी खुशाली ही अशी. पोटाशी धरलेली ही नवी पोरगी सारखी चुळबुळ करते. माझा नंबर कधी, कधी? म्हणून डोकं खाते. मी तिला गप्प बस म्हणत नाही. आज सकाळी छोटीने तंबू उन्हात टाकलाय, आणि ब्रेडचा तुकडा तोंडात धरून ती चाकात हवा भरतेय.