बटणांचा डाव

दुपारी दुकानातल्या शिलाई मशीन थांबल्या, की कापडं बेतायच्या मोठ्या टेबलावर सासूबाई पोकर मांडायच्या. लावायला पैसे नाहीत, सुटी बटणं. हा खेळ घरात आणला धाकट्या सुनेनं, आणि तेव्हापासून सासूबाईंच्या तोंडी उठता-बसता धाकटीच. थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इतकी वर्षं मान मोडून काजं केली हिनं, आणि कौतुक पत्ते पिसणारीचं!

शेवटी तीही शिकायला बसली.

"ताई, सोपं आहे," धाकटी म्हणाली. "पाच पत्ते. जोडीपेक्षा दोन जोड्या मोठ्या, त्याहून तीन सारखे मोठे. पत्ते चांगले असले तर बटणं लावायची, नाहीतर टाकून गप्प बसायचं. आणि हातात काही नसलं तरी असल्याचा आव आणता येतो."

"ते तुला छान जमतं," थोरली म्हणाली. सासूबाई हसल्या, तेही धाकटीकडे बघून.

थोड्या वेळानं धाकटीनं आपली सगळी बटणं पुढे सारली. सासूबाईंनी घाबरून पत्ते टाकले. थोरलीकडे नुसती सत्त्यांची जोडी. पण धाकटी गुणगुणत होती. काज वाकडं गेलं की ती अशीच गुणगुणते, हे तिला हात धरून काजं शिकवणाऱ्या थोरलीला पक्कं ठाऊक होतं. तिनं तेवढीच बटणं लावली. धाकटीकडे खरंच काही नव्हतं.

थोरलीला आभाळ ठेंगणं झालं. तिनं मोठ्या आशेनं सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या आपल्यातली मूठभर बटणं धाकटीपुढे ठेवत होत्या. "घे गं, हिरमुसू नकोस."

"आणि मी जिंकले ते?"

"तुझं काय, तू कशातूनही निभावून नेतेस."

असं होय! हरल्यावर माया मिळते, तर हरूनच दाखवते. भलतेसलते पत्ते घेऊन ती खुशाल बटणं लावत सुटली, आणि बघता बघता तिचा सगळा ढीग धाकटीकडे गेला. मग ती सासूबाईंच्या हाताकडे बघत बसली.

सासूबाई पत्ते पिसू लागल्या. "बरं झालं, आता त्या कॉलर पुऱ्या कर. आम्ही दोघी खेळतो."

थोरलीचे डोळे भरून आले. ती उठली, तोच धाकटीनं तिचा हात धरला आणि आपली निम्मी बटणं तिच्याकडे लोटली. "ताई, जाऊ नका ना. या घरात मला ओळखता ते तुम्हीच."

थोरली बसली. मेलीनं राग धरायचीसुद्धा सोय ठेवली नव्हती.