गुरुवारी आवाज गेला

डिसेंबरात ओरियानोच्या हृदयाचा एक वॉल्व्ह निकामी झाला, म्हणून बोलोन्याला नेऊन त्याच्या जागी धातूचा नवा बसवला. तेव्हापासून माझा नवरा बसेल तिथं टिक् टिक् ऐकू यायचं. जेवणाच्या टेबलाशी, चर्चमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे. ऐकू यायचं नाही ते फक्त त्याला. उभा जन्म पत्रे ठोकणाऱ्या यंत्रापाशी काढला, कान पार कामातून गेलेले. वर मलाच म्हणायचा, "कसला आवाज? तुझेच कान वाजतायत, निवेस."

घरी सोडताना डॉक्टर झक्कारोनीबाईंनी नीट बसवून सांगितलं होतं. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची, जन्मभर. त्या गोळीवर असताना पडून लागलं तर रक्त लवकर थांबत नाही, तेव्हा मोटरसायकल बंद. आणि ही टिकटिक कधी मंद झाली, थांबली, तर असाल तसे निघून या; वॉल्व्हवर गुठळी धरली की आधी तो आवाज जातो. मी कान देऊन ऐकत होते. ओरियानो नुसती मान डोलवत होता, म्हणजे त्याला काही ऐकू येत नव्हतं. बाहेर येऊन गाडीत बसल्यावर विचारतो, "काय म्हणाली?"

मी सगळं पहिल्यापासून परत सांगितलं.

"गोळीचं बरोबर आहे," तो म्हणाला. "मोटरसायकलचं म्हणजे तिचं आपलं मत झालं. आणि आवाजाचं तर उलटंच सांगितलंन. नवा वॉल्व्ह वाजतोच गं. बसला की गप्प होतो."

हे असं बोलायला आमच्या या रोमान्या प्रांतातच जन्मावं लागतं. इथं मोटरसायकलला कुणी मोटरसायकलसुद्धा म्हणत नाही, नुसतं 'इंजिन' म्हणतात. पाद्रीबुवा इंजिनावरून आले, इंजिन सावलीत लाव, असं. नवं इंजिन पहिले हजार किलोमीटर हळूहळू चालवायचं, आतले भाग एकमेकांना घासून बसेपर्यंत. त्याला म्हणायचं रोदाज्जो. नव्या नवरा-बायकोचा रोदाज्जो असतो, नव्या सुनेचा असतो, नव्या पाद्र्याचाही असतो. झक्कारोनीबाई पडल्या तोरिनोच्या. आवाज थांबला की आमच्या माणसाला काम फत्ते झालं असं वाटतं, हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार.

एप्रिलात त्यानं नवं इंजिन घेतलं. लालभडक. विकलं कुणी, तर माझ्या पाठच्या सख्ख्या भावानं, लेआर्कोनं. त्याचं दुकान आणि गॅरेज आमच्याच रस्त्याला आहे.

"लाज नाही वाटली तुला?" मी गॅरेजात जाऊन विचारलं.

"ताई, मी नाही म्हटलं तर दाजी फाएन्झाहून घेतील. निदान माझ्या डोळ्यांसमोर राहतील."

"डोळ्यांसमोर पडतील, असं म्हण."

"दाजी, ऐकताय ना ताई काय म्हणतेय?"

"मला ऐकू येत नाही," ओरियानो म्हणाला, आणि फडक्यानं टाकी पुसत राहिला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं मी दोघांना तोंडावर ऐकवलं आणि घरी आले. पुढं बरेच दिवस मी ओरियानोशी कामापुरतंच बोलत होते. त्याला त्याचं काही नव्हतं. जुन्या लोकांसारखं त्यानं पुठ्ठ्यावर 'रोदाज्जो चालू आहे' असं लिहिलं आणि नंबरपाटीच्या वर बांधलं. क्लबातल्या पत्तेवाल्यांनी एक दिवस तो पुठ्ठा सोडून त्याच्याच कोटाला मागून अडकवला. तसाच गावभर फिरून घरी आला. मी रागात होते तरी हसू आवरेना. निदान तो पुन्हा गावात फिरतोय, चार माणसांत बसतोय, एवढं तरी पदरात पडलं असं मनाशी म्हटलं.

मग ती आवाजाची कटकट सुरू झाली.

"इंजिन वाजतंय," एक दिवस जेवताना म्हणाला. "टक्, टक्. वॉल्व्हच आहे."

लेआर्कोनं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून सगळीकडे तपासलं. स्वतः टेकडीवर जाऊन आला. म्हणाला, "काही नाही दाजी, लोण्यासारखं चालतंय."

"तुझ्या कानात मेण साचलंय."

"बोललं कोण!"

"रेल्वेच्या फाटकाशी थांबलो की स्पष्ट येतो. डोक्यावर हेल्मेट, वारा लागू नये म्हणून कानात रबरी बुचं, तरी येतो. म्हणजे केवढा मोठा असेल बघ."

"बरं, रेस वाढवली की वाढतो का?"

"नाही. आपल्याच चालीनं चालतो."

इथं लेआर्कोनं डोकं खाजवलं. इंजिनाचा आवाज रेसबरोबर वाढायलाच हवा, एवढं मलाही कळतं. नवीन आहे, धातूला धातू घासतो, जाईल आपोआप, अशी त्यानं समजूत काढली. पण ओरियानोचं म्हणजे, म्हणेल ती पूर्व दिशा. दर एक-दोन दिवसांनी गॅरेजात हजर. गिऱ्हाइकांसमोर, "माझं इंजिन वाजतंय आणि माझा मेहुणा बहिरा आहे," असं सांगायचा. लेआर्कोच्या नाकी नऊ आले.

जूनमध्ये लेकीच्या बाळंतपणाला मी फेर्राराला गेले. निघताना गोळ्यांचं पाकीट कॉफीच्या डब्यावर ठेवलं, म्हणजे सकाळी उठल्या उठल्या हाताला लागेल. रोज फोनवर विचारायचे, "गोळी?" तो म्हणायचा, "समोरच आहे." मग इंजिनाचं पुराण. नातीनं आज काय केलं, हे विचारायच्या आधी इंजिनाचं.

एका गुरुवारी त्यानं स्वतःहून फोन केला.

"निवेस, आवाज गेला. लेआर्कोनं वॉल्व्ह बसवले. एकदम गप्प. शेवटी मीच खरा ठरलो की नाही?"

"ठरलास बाबा. धाप का लागलीय तुला?"

"क्लबातून चालत आलो. ऊन काय आहे इथं. सगळ्यांना पियादिनाच्या रोट्या चारल्या, वाइन पाजली मी आज. लेआर्को नको नको म्हणत होता, त्यालाही पाजली."

माझ्या मांडीवर बाळ रडत होतं. बरं, उन्हात हिंडू नकोस, म्हटलं आणि फोन ठेवला.

रविवारी दुपारी मी गाडीतून उतरले, तर स्टेशनाबाहेर हा इंजिन घेऊन उभा. हातात दुसरं हेल्मेट.

"लेआर्कोला पाठव म्हटलं होतं ना?"

"त्याच्याकडे पाहुणे जेवायलेत. बस. रोदाज्जो संपलाय, पण हळू नेतो."

"तोंड कसं झालंय तुझं? राखेसारखं?"

"तुझ्या हातचं जेवण नाही इतके दिवस."

मी त्या इंजिनावर बसणार नाही असं लेकीच्या देखत शपथेवर सांगितलं होतं. पण डोक्यावर ऊन, हातात पिशवी आणि रविवारी बस नाही. बसले. दोन्ही हातांनी त्याला धरलं, लग्नाआधी धरायचे तसं. त्याचा श्वास माझ्या हाताखाली भराभर चालला होता.

फाटक बंद होतं. ओरियानोनं इंजिन बंद केलं, बुचं काढली आणि मागं वळून म्हणाला, "आता ऐकायचं म्हणजे काही उरलंच नाही. इतका आवाज होता, कुठं गेला सांग बरं?"

मला आधी काही कळलं नाही. मग कळलं. मी हेल्मेट काढलं आणि त्याच्या पाठीला कान लावला.

"अगं, लोक बघतायत," तो म्हणाला. मी लाडात आलेय असं त्याला वाटलं.

आत हृदय धावत होतं. थप थप थप, चिखलात पाय पडावा तसं. मी श्वास रोखून ऐकत राहिले. टिक् नव्हतं. इतके महिने ज्या आवाजाबरोबर मी जेवले, झोपले, उठले, तो त्याच्या छातीत नव्हता.

"ओरियानो, गोळी घेतोस ना?"

"घेतो की. इंजिन चालवायच्या दिवशी फक्त घेत नाही. तिनंच सांगितलंन ना, गोळीवर असताना पडलं तर रक्त थांबत नाही? म्हणून त्या दिवशी सुट्टी."

"आणि चालवतोस कधी?"

"रोदाज्जोत रोज चालवावं लागतं," तो म्हणाला, मला एवढंही कळू नये याचं त्याला नवल वाटलं.

मागं पीचच्या पेट्या भरलेली एक व्हॅन उभी होती. मी जाऊन त्या माणसाच्या दारावर हात आपटले. काय बोलले ते मला आठवत नाही, पण त्यानं व्हॅन तिथंच वळवली. ओरियानो चढताना म्हणाला, "इंजिन इथं उघड्यावर टाकून यायचं का?" मी त्याला अशी शिवी दिली की आमच्या लग्नात कधी दिली नव्हती. मग तो चढला. वाटेत त्याचे ओठ निळे पडत गेले.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि लगेच विचारलं, "वॉल्व्हचा आवाज कधीपासून बंद आहे?"

"गुरुवारपासून," ओरियानो धापा टाकत म्हणाला. "मेहुण्यानं बसवून दिले ना."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गुरुवारपासूनच धरा."

पुन्हा छाती उघडायची, तीही लगेच, असं ठरलं. स्ट्रेचर आत न्यायच्या आधी आम्हाला थोडा वेळ दिला. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तो आवाज इंजिनाचा नव्हता. कानात बुचं घातलीस, बाहेरचं सगळं बंद झालं, आणि तुला तुझाच वॉल्व्ह ऐकू आला. तो तुझा होता, ओरियानो.

तो छताकडे बघत विचार करत राहिला. यंत्रातला दोष सापडला की त्याचं तोंड व्हायचं, तसं झालं. मग म्हणाला, "म्हणजे इंजिन पहिल्यापासून ठीक होतं."

आणि त्याला आत नेलं.

लेआर्को जेवणावरून उठून धावत आला होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून बोलायला लागला.

"ताई, मी वॉल्व्हना हातसुद्धा लावला नव्हता. आवाज मला कधी सापडलाच नाही. दाजी रोज यायचे. म्हटलं, वेड आहे डोक्यातलं, काहीतरी केलं असं दाखवलं की निघून जाईल. गाडी आत घेतली, तेल बदललं, आणि सांगितलं वॉल्व्ह बसवले म्हणून. ते एक फेरी मारून आले आणि म्हणाले, गेला. मी मनात हसलो गं. क्लबात बसून त्यांची वाइन प्यायलो."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं, आणि लहानपणी घ्यायचे तसं पोटाशी धरावं असंही वाटलं. मला दोन्ही जमलं नाही. आम्ही बाकावर बसून राहिलो. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आला, तेव्हा त्यानं तोंड उघडायच्या आधीच लेआर्को उठून उभा राहिला. नवा वॉल्व्ह बसला होता. हृदय परत चालू झालं नव्हतं.

पुरलं त्याला, लोक आले, गेले. मी रडले नाही. माझ्या अंगात रागच इतका होता. झक्कारोनीबाईंवर नाही, त्यांनी सांगायचं ते सांगितलं होतं. राग त्या पालथ्या घड्यावर, आणि त्याच्या त्या शेवटच्या वाक्यावर. इतक्या वर्षांचा संसार, एक लेक, एक नात जिचं तोंडही त्यानं पाहिलं नाही, आणि जाताना माणूस बोलला काय, तर इंजिनाबद्दल. मी ते कुणालाच सांगितलं नाही. लेकीनं विचारलं तेव्हा तिला म्हटलं, बाळाचं नाव घेतलं.

फाटकापाशी सोडलेली ती लाल गाडी लेआर्कोनं आणून गॅरेजात मागं लावली होती. तो आमच्याकडे यायचाच बंद झाला. शेवटी एके सकाळी मीच गेले. तो पायरीवर बसला होता, शटर अर्धं खाली.

"ताई," माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "दाजी माझ्याबद्दल काही म्हणाले का? शेवटी?"

लेकीला सांगितलं तसं त्यालाही काहीतरी गोड सांगता आलं असतं. पण हा माझा भाऊ. इंजिनं हेच याचं आयुष्य. याला खोटं लगेच कळलं असतं.

"तुझ्याबद्दल नाही," मी म्हटलं. "म्हणाला, म्हणजे इंजिन पहिल्यापासून ठीक होतं."

लेआर्कोनं आता माझ्याकडे बघितलं.

"होतंच ठीक," तो म्हणाला. "मी सांगत होतो त्यांना, ताई. पहिल्या दिवसापासून सांगत होतो, ठीक आहे म्हणून. मग मीच कशाला म्हटलं, की दुरुस्त केलं?"

आणि एवढा मोठा माणूस तिथं रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, ढसाढसा रडायला लागला. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. मग मलाही रडू आलं.