झोत जरा मंद ठेवा

मित्रांनो, मी एक जुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे आणि खरं सांगू का, पार थकलोय. तळघरातल्या या खोलीत बावीस वर्षं उभा आहे. बसायची सोयच नाही! माझ्या पोटातली हवा उपसणारा पंप दिवसभर धापा टाकतो. मला चालवणारे काका म्हणतात, "म्हातारा खोकतोय."

मी उजेडाने बघत नाही. डोक्यातली बारीक तार तापली, की इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो. त्याने मी बघतो. विषाणू दाखवले, पोलादातल्या भेगा दाखवल्या, तेव्हा पाहुणे माझ्यासोबत फोटो काढायचे. आता माझ्या कडेवर जेवणाचे डबे ठेवतात.

मग एक संशोधक ताई आली. खारट पाण्यातून स्फटिक जन्मतो कसा, हे तिला बघायचं होतं. दोन पातळ खिडक्यांमध्ये ती द्रावणाचा इवलासा थेंब कोंडायची. मी झोत टाकला की कण भराभर उगवायचे आणि ताई टुणकन उडायची. आठ महिने फोटो जमले. प्रबंध द्यायला दोनच महिने उरले.

एकदा काका म्हणाले, "काय गं, तू झोत बंद करून जेवायला गेलीस की हे वाढतच नाहीत. तुझ्याशिवाय करमत नाही वाटतं त्यांना!"

ताई हसली. मग हसायची थांबली. तिने थेंबाच्या न पाहिलेल्या कोपऱ्यात डोकावलं. तिथे काहीच नव्हतं! स्फटिक होते ते फक्त माझा झोत पडलेल्या गोल चकतीत. ते माझ्या माऱ्यानेच उगवले होते, मित्रांनो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आठ महिने मी याचाच पराक्रम बघत बसले, काका!"

"मग त्याला जरा कमी पराक्रम करायला सांग."

स्फटिक आपसूक जन्मावेत म्हणून ताईने द्रावण दाट केलं आणि झोत अगदी मंद ठेवला. टीव्हीवर मुंग्या याव्यात तसं चित्र दिसायचं. पाच आठवडे डोळे दुखले, तिचे आणि माझेही. एका दुपारी काही कण जवळ आले, विस्कटले, पुन्हा बिलगले आणि स्फटिकाची एक कड सरळ झाली. ताईने घाईघाईने न पाहिलेला कोपरा तपासला. तिथेही तसेच स्फटिक! ती उडाली नाही. नुसता माझ्यावर हात ठेवून उभी राहिली.

प्रबंध वेळेवर गेला. जुने आठ महिने तिने त्यात "माझी चूक" म्हणून लिहिले.

पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवं यंत्र येतंय. फार प्रखर आहे म्हणे. मित्रांनो, माझी धूळ पुसा असा हट्ट नाही, तिची सवय झालीय. पण काही नुकतंच जन्मत असेल, तर त्याच्याकडे दमानं बघा.

आणि ते डबे तेवढे उचला.