डावा कौल

डाव्या खांद्यावरची ओली पाकळी सुटली, देवीच्या काळ्या पाषाणावरून घसरत आली आणि खालच्या ताम्हनात पडली.

"डावो," महादू गुरव म्हणाला.

सभामंडपातल्या पन्नासेक माणसांत चुळबूळ झाली. पावणाईचा डावा कौल म्हणजे नकार, हे खारेवाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या लावायच्या, मानकऱ्याने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. गावातली लग्नं, विहिरी, होड्या, भावाभावांच्या वाटण्या, सगळं ह्या पाकळ्यांवर ठरत आलं होतं. आज प्रश्न झेंड्याचा होता.

देवस्थान समितीचा अध्यक्ष गुरुदासशेट याने ठरवलं होतं की यंदा पंधरा ऑगस्टला तिरंगा थेट गाभाऱ्यात, देवीच्या मागे लावायचा, आणि देवीला तिरंगी साडी नेसवायची. किनाऱ्यावर त्याची दोन हॉटेलं होती आणि पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं. जिल्ह्याच्या गावाहून पाहुणे येणार होते, फोटो निघणार होते. कौल घेणं हा नुसता रिवाज म्हणून उरकायचा होता. आणि देवीने नको म्हटलं.

"परत लाव," गुरुदास म्हणाला.

पुढे बसलेले मानकरी बाळा हवालदार उठले. फौजेत वीस वर्षं काढून आलेला माणूस. पंच्याहत्तरीतही पाठ ताठ. ते म्हणाले, "तोच प्रश्न परत इचारूचो नसता. दुसरो इचारतंय." मग हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवी पावणाई, आज तुझी लेकरा तुज्या पायाकडे इली हत. झेंडो गाभाऱ्यात नको तर भायर आवारात, तुळशीकडे लावलो तर तुजी राजीखुशी आसा काय? असात तर उजवी दी गे माये!"

"व्हय म्हाराजा!" मंडळी म्हणाली.

महादूने नवी पाकळी लावली. हात मागे घेतो न घेतो तोच उजवी टपकन पडली.

लोक मोकळे झाले. महादूलाही बरं वाटलं. झेंड्यावर त्याचा राग असायचं कारण नव्हतं. दरवर्षी शाळेतल्या झेंडावंदनाला तो जायचा आणि कुणी सांगितलेलं नसताना चपला बाजूला काढून उभा राहायचा. पण आवारातल्या झेंड्याबरोबर फोटोत देवी येत नव्हती, हे गुरुदासच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. आणि त्याच्या माणसाच्या मोबाइलचा कॅमेरा सुरुवातीपासून चालू होता, हे मात्र महादूने पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको सुभद्रा मालवणच्या बाजारातून दुपारीच परतली. पिशवी रिकामी होती.

"भाजी?" महादूने विचारलं.

"दोडकी घेतलेलंय. पिशयेत भरतय तेवढ्यात ती मेली भाजीवाली इचारता, तुजो घोव पाकिस्तानी झालो काय गो? मोबायलार दाखवल्यान माका. तुमी 'डावो' म्हणतास तेवढ्याच आसा. उजव्याचा कापून टाकलाहा. शिरा पडली त्यांच्या तोंडार!" ती पायरीवर बसली. "दोडकी तिच्याच टोपलेत टाकून इलंय."

महादूने तो व्हिडिओ पाहिला नाही. पाहायची गरजही नव्हती. संध्याकाळपर्यंत अनोळखी माणसांचे इतके फोन आले की त्याने फोन तांदळाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

तेरा तारखेला गुरुदास स्वतः घरी आला. पडवीत खुर्चीवर बसला, चहा घेतला. कॅमेरा समोर नसला की तोही गावचंच बोलायचा.

"महादू, उद्या परत कौल लावया. लोक कायच्या काय बोलतत तुका. माकाच वायट वाटता."

"पडलेलो कौल परत नाय लावणत, शेटानू. देवीन सांगल्यान ता सांगल्यान."

"अरे, देव मोठो की देश मोठो? इतक्याच माका सांग."

महादूने थोडा विचार केला. "लहान-मोठा माका कळणा नाय. ती नको म्हणाली तर मिया व्हय म्हणान सांगूचा नाय, इतक्याच कळता. आणि खोटा सांगान गाभाऱ्यात हाडलेलो झेंडो, त्याचो तरी काय मान रवलो?"

गुरुदास हसला. खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "तुज्याच हातात आसा मरे. डावी पाकळी वायच घट्ट लावूची. कोणाक कळता?"

"माका कळता."

गुरुदासने कप खाली ठेवला. "बरा. मगे ज्याका कळणा नाय असो बघूक लागतलो," असं म्हणून तो उठला. त्याने टेकवलेला कप सुभद्राने दोनदा घासला.

चौदाला निरोप आला. महादूची पाळी दिवाळीपर्यंत होती, पण 'गावात शांतता राहावी म्हणून' पंधराची सेवा त्याचा चुलत भाऊ सुदेश करील, असा समितीचा ठराव झाला होता. महादूने फक्त दुपारचा नैवेद्य दाखवायचा.

पंधराला सकाळी देऊळ भरून गेलं. महादू मागच्या खांबाला टेकून उभा होता. स्पीकरवर देशभक्तीची गाणी लागली होती. पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या शेजारी बाळा हवालदार बसले होते. अंगावर शाल, हातात नारळ. माजी सैनिक म्हणून त्यांचा सत्कार झाला होता, आणि शाळेपासून पायरीपर्यंत त्यांच्या नावाचे फलक लागले होते. गाऱ्हाणं त्यांनीच घातलं. प्रश्न पुन्हा तोच, गाभाऱ्यातल्या झेंड्याचा. सुदेशने पाकळ्या लावल्या, त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला. मग उजवी पडली.

टाळ्या झाल्या. देवळात कौलाला टाळ्या! गुरुदासने माइक घेऊन शुद्ध मराठीत सांगितलं, "देवीने देशाला कौल दिला आहे. मागच्या वेळी काही लोकांनी जो खोडसाळपणा केला, त्याला आईनेच उत्तर दिलं." लोकांनी वळून महादूकडे पाहिलं. कालपरवापर्यंत त्याच्याकडून तीर्थ घेणारी माणसं. महादूने मान खाली घातली नाही.

मग गाभाऱ्यात गर्दी घुसली. कुणाच्या पायात मोजे, कुणाच्या कमरेला पट्टा. देवीला चकचकीत तिरंगी साडी गुंडाळली, टाचण्यांनी अडकवली. चक्र नेमकं निऱ्यांत दुमडलं गेलं. मागे वाळूच्या बादलीत काठी रोवून झेंडा उभा केला. फोटो झाले. मग सगळे शाळेच्या पटांगणात बटाटेवडे खायला गेले.

दुपारी नैवेद्याचं ताट घेऊन महादू आत शिरला. पायाखाली फुलं, प्लॅस्टिकच्या बाटल्या, वड्याचा एक अर्धा तुकडा. झेंड्याचं टोक नंदादीपात लोंबत होतं आणि हिरवा पट्टा तेल पीत काळा पडत चालला होता. पांढऱ्यावर कुंकवाच्या बोटांचे ठसे. त्याने ताट खाली ठेवलं. देवीच्या खांद्यावरून ती साडी जरा सरकवली आणि थांबला.

डावी पाकळी अजून जागच्या जागी होती. सकाळपासून एवढं पाणी, एवढी धक्काबुक्की, तरी ती हललेली नव्हती. त्याने बोट लावलं. पाकळी कोमेजून चुरगळली, पण दगडाची सुटेना. तिच्या कडेने पांढरी कडक साय धरली होती. त्याने वास घेतला. तुटलेली चप्पल चिकटवतात तो गोंद होता.

मागे सुदेश आला होता. महादूने विचारण्याआधीच तो म्हणाला, "शेटान दिल्यान, दादा. माजा चेडू त्याच्या हाटेलात कामाक आसा."

"देवीच्या आंगाक चपलेचो गोंद लावलंस?"

मुलीच्या नोकरीचं पुन्हा सांगत सुदेश रडेल असं वाटलं, पण रडला नाही. महादूला त्याला मारावंसंही वाटलं नाही. फक्त त्याच्याजवळ उभं राहावंसं वाटेना.

सभामंडपात बाळा हवालदार एकटेच खुर्चीत बसले होते. महादूने त्यांना हाताला धरून आत आणलं आणि खांदा दाखवला. ते वाकून बघत राहिले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"माका कित्याक दाखवतंस?" शेवटी ते म्हणाले.

"तुमी गाऱ्हाणा घातलात म्हणान. आणि तुमी त्या झेंड्यासाठी वीस वर्सा काढलात म्हणान."

म्हाताऱ्याने शाल सारखी केली. "झाला ता झाला, महादू. फोटो गेले सगळीकडे. गाव एक झालोहा, आता परत मोडू नको." आणि महादूकडे न बघता ते बाहेर निघून गेले. पायरी उतरताना त्यांनी शालीचं टोक चिखलाला लागू नये म्हणून वर धरलं होतं.

महादूने मग कुणाला बोलावलं नाही. काठीवरून झेंडा काढला. तेलाचं टोक आपल्या पंच्याने टिपून घेतलं. चौरंग पुसून त्यावर त्याने झेंड्याची घडी घालायला घेतली, सावकाश, चक्र वर येईल अशी.

"महादू!" दारात गुरुदास, मागे दोन पाहुणे. पाहुण्यांमुळे भाषा शुद्ध झाली होती. "झेंड्याला हात लावायची तुझी हिंमत कशी झाली?"

"दिव्यात जळा होतो, शेटानू. तेल प्यालोहा बघा."

"तो संध्याकाळपर्यंत तिथेच राहील. चॅनेलवाले येणार आहेत."

महादूने घडी पुरी केली. मग देवीच्या खांद्याकडे बोट दाखवलं. "आणि ह्याचो पण फोटो काढतले काय ते?"

एक पाहुणा मान पुढे करून बघू लागला. गुरुदास चटकन मध्ये आला, साडीचा पदर त्याने खांद्यावर ओढून घेतला. "चावी ठेव," तो म्हणाला. "दिवाळीपर्यंत थांबायचं कारण नाही. आजपासून येऊ नकोस."

महादूने कनवटीची चावी सोडली आणि चौरंगावर ठेवली. नैवेद्य दाखवायचा राहिला होता. तो त्याने दाखवला, पाणी फिरवलं, घंटा वाजवली. निघताना तो सुदेशजवळ थांबला.

"तो गोंद खोबरेल तेलान काढ. धीर धरून. चाकू लावू नको, दगड जुनो आसा. चरो पडात."

घरी आला तेव्हा सुभद्रा चुलीशी होती. तो ओटीवर चढला नाही. मागच्या अंगाला वळून विहिरीवर गेला, कपड्यांसकट उभा राहिला आणि पोहरा ओढून डोक्यावर ओतला. दुसरा ओतला. तिसरा. बोटं नाकाशी नेली आणि पुन्हा पोहरा सोडला.

इतकी वर्षं हा माणूस देवळात जाण्याआधी आंघोळ करायचा. बाहेरून येऊन असं कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घ्यायचं, ते फक्त कुणाला तरी स्मशानात पोचवून आल्यावर.

सुभद्रा पदराला हात पुसत परड्याच्या दारात आली. तिचा चेहरा उतरला.

"कोण गेला ओ?"

महादूने आणखी एक पोहरा डोक्यावर ओतला. तिने आत जाऊन सुकं धोतर आणलं आणि विहिरीच्या काठावर ठेवून तिथेच उभी राहिली.