अठ्ठेचाळीस नंबरचे बूट

आमच्या गावात माणसाचा चेहरा नंतर बघतात, आधी बूट. त्याला इलाज नाही. निम्मं गाव बूट शिवतं, उरलेलं निम्मं बुटांना खोकी, गोंद आणि नाड्या पुरवतं, आणि संध्याकाळी दोन्ही निम्मी मिळून बास्केटबॉल बघायला जातात. मीही शिवते. एकतीस वर्षं माझं मशीन घराच्या गॅरेजमध्ये आहे. समोर आपारेसिदा माउलीची तसबीर. गाडी कधीच नव्हती.

माझा धाकटा भाऊ वाल्देसीर बास्केटबॉल खेळतो. म्हणजे पोटासाठी खेळतो. सतरा वर्षांचा असताना तो गावच्या क्लबकडे गेला होता, तर अध्यक्षांनी ‘या मुलाचे पाय आळशी आहेत’ म्हणून परत पाठवला. त्यानंतर एकोणीस वर्षांत तो अकरा क्लबांकडून खेळला. मानाउसच्या मैदानाचं छप्पर गळायचं, तिथे तो पाण्याची डबकी चुकवत बास्केट करायला शिकला. स्पेनमध्ये दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळताना प्रेक्षक त्याला अमेरिकन समजायचे. दोन वर्षं त्याने तो गैरसमज काढला नाही. बाहियातला क्लब हंगामाच्या मध्येच बंद पडला. वाल्दे सरावाला गेला तेव्हा मैदानावर लग्न चालू होतं. तो जेवून आला. देशाच्या संघातूनही तो खेळलाय, एक मिनिट चाळीस सेकंद. कागदोपत्री त्याची उंची दोन मीटर सहा. माझ्या स्वयंपाकघराच्या चौकटीवरच्या खुणेप्रमाणे दोन मीटर एक. चौकट कुठल्याच क्लबची नाही, म्हणून मी तिचं धरते.

एवढं सगळं झालं आणि एकच राहिलं. आपल्या गावचा शर्ट घालून आपल्या गावासमोर एक हंगाम खेळायचा. वाल्दे आता छत्तीसचा. पुढच्या वर्षी त्याला कोणी विचारणार नव्हतं, आणि या वर्षी क्लबमध्ये बाराव्या खेळाडूची जागा रिकामी होती. प्रशिक्षक तयार होता. राहिले अध्यक्ष.

अध्यक्ष अजून तेच, सेउ आन्सेल्मो. सेउ हे मानाचं, बाईला दोना म्हणतात तसं. आता ब्याऐंशी वर्षांचे. त्यांच्या बुटांच्या कारखान्यात मी हे काम शिकले. ते डॉक्टरचा अहवाल वाचत नाहीत. सहीच्या दिवशी खेळाडूने आपले वापरलेले बूट आणायचे आणि त्यांच्या टेबलावर पालथे ठेवायचे. ते सोल बघतात आणि सांगतात. चाळीस वर्षांत ते कितीदा चुकले हे कोणी विचारलेलं नाही.

सहीच्या दहा दिवस आधी वाल्दे गॅरेजच्या दारातून वाकून आत आला आणि त्याने बूट माझ्या मशीनवर पालथे घातले.

“झोरा, बघ.”

मी बघितले. डाव्याचा चवडा घासून गुळगुळीत झाला होता. उजव्याचा चवडा दुकानातून आत्ता आणल्यासारखा कोरा.

“गुडघा कधीपासून?”

“कुठला गुडघा?”

“जो उरला नाही तो.”

तो गोंदाच्या डब्यावर बसला. “दीड वर्ष झालं.”

“डॉक्टर काय म्हणाला?”

“खेळ म्हणाला. फक्त उडी मारू नकोस म्हणाला.”

“बास्केटबॉलमध्ये?”

“मीही हेच विचारलं.”

त्याने पिशवीतून दुसरा जोड काढला. तसाच, पण जेमतेम वापरलेला. शुक्रवारपर्यंत हा दोन्ही पायांना सारखा झिजायला हवा, म्हणाला.

“कानशीने घासलेलं म्हाताऱ्याला दारातूनच दिसेल,” मी म्हटलं.

“म्हणून तर. तू घाल.”

“माझा पाय पस्तीस नंबर.”

“तीन मोजे घाल. पुढे फडकी कोंब. मी घातले तर परत असेच झिजतील ना, बाई.”

ते खरंच होतं. मी घातले.

दहा दिवस मी अठ्ठेचाळीस नंबरच्या बुटांत काढले. बेकरीत त्यातच, चर्चमध्ये त्यातच. चवडे झिजावेत म्हणून रोज सकाळी अंगणात दोरीवरच्या उड्या मारल्या. समोरची क्लेओनिसे कुंपणाशी येऊन उभी राहिली.

“कोणाचे गं?”

“माझेच.”

“अजून वाढतेयस?”

“बघते प्रयत्न करून.”

“उंचीत वाढ हो. रुंदीचं झालंय.”

काढायला-घालायला पाव तास लागायचा, आणि मला तीनशे जोड बायकांच्या सँडल द्यायच्या होत्या. म्हणून मशीनवरही तेच घालून बसत होते. गुरुवारी रात्री सोल धुतले, पुसले, उजेडात धरले. दोन्ही चवडे सारखे झिजले होते. माझं मलाच कौतुक वाटलं.

शुक्रवारी वाल्दे म्हणाला, तूही चल. छत्तीस वर्षांचा माणूस. मी गेले.

सेउ आन्सेल्मोंनी थर्मासमधून कॉफी ओतली, चष्मा चढवला, बूट जवळ ओढले. अंगठा सोलवरून हळूहळू फिरवला. मग उजवा बूट नाकापाशी नेला. मग डावा.

“खेळाडू बाई आहे,” ते म्हणाले.

वाल्देने छताकडे बघितलं. त्याला ते जवळ पडतं.

“पन्नाशीला आलेली. डावी टाच बाहेरून ओढते, म्हणजे कंबर धरली आहे. आणि उजव्या चवड्याखाली सहा आडव्या रेघा आहेत, त्या शिलाई मशीनच्या पॅडलच्या. रेघा सात हव्या होत्या. सातवीचा दात तुटलेला होता, मी ते मशीन विकलं तेव्हा. अजून तुटलेलाच दिसतोय.” त्यांनी बूट खाली ठेवला. “दोना झोराइदे, कंबर कधीपासून दुखते?”

“कुठली कंबर, सेउ आन्सेल्मो?”

वाल्दे खोकला.

“आता खरे आण,” ते त्याला म्हणाले. “तुझ्या गाडीत असतील. घाई करू नकोस, जिना आहे.”

तो गेला. जिन्यावर एक पाऊल जोरात आणि एक हळू, असं बराच वेळ ऐकू येत राहिलं. सेउ आन्सेल्मोही ऐकत होते.

“एकदा आला होता हा,” ते म्हणाले. “तेव्हा पाय आळशी होते. मला आठवतंय. दोन्ही टाचा झिजलेल्या, चवडे तसेच. मुलगा उभा राहायचा कंटाळा करतो असं वाटलं.”

“ते बूट आमच्या चुलतभावाचे होते. याच्याकडे नव्हते.”

बूट शिवणाऱ्यांच्या घरात त्याच्या मापाचे बूट का नव्हते, हे त्यांनी विचारलं नाही. त्या वर्षी आमच्या घरातली तीन माणसं त्यांच्याच कारखान्यात होती, आणि कारखाना त्रेचाळीसच्या पुढचा नंबर काढत नव्हता.

“चुलतभाऊ काय करतो आता?”

“पोस्टात आहे. खिडकीपाशी बसतो.”

“हं,” ते म्हणाले, आणि कॉफीत आणखी साखर घातली. “म्हणजे मी त्याचं बरोबर सांगितलं होतं.”

वाल्दे खरे बूट घेऊन आला आणि त्याने ते पालथे ठेवले. सेउ आन्सेल्मोंनी उजवा चवडा बघितला.

“गुडघा गेला.”

“हो.”

“उडी नाही.”

“नाही.”

मी पर्स उचलली. पण त्यांनी बूट सोडला नव्हता. तो आडवा धरून ते सोलच्या कडा बघत होते, आधी बाहेरची, मग आतली. मग डाव्याच्याही. अंगठा तिथेच घुटमळत होता.

“कडा साफ गेल्या आहेत,” ते म्हणाले. “हा बाजूने सरकतो. समोरचा उडी मारायच्या जागेवर पोचायच्या आधी हा तिथे जाऊन उभा असतो. मग उडी लागतेच कशाला?” ते वाल्देकडे पहिल्यांदाच बघत होते. “हे कधी शिकलास?”

“दीड वर्षापूर्वी.”

“मग हे आधीच का नाही आणलेस?”

वाल्देने माझ्याकडे बघितलं. मी माउलीची तसबीर शोधली. ती इथेही भिंतीवर होती.

“सामन्यात आठ मिनिटं,” सेउ आन्सेल्मो म्हणाले.

“दहा,” मी म्हटलं.

“तुझे बूट नाहीत हे.”

“आठ,” वाल्दे म्हणाला आणि त्याने सही केली. नाव चुकीच्या रेघेवर लिहिलं, मग खोडून परत लिहिलं.

घरच्या मैदानावरचा पहिला सामना मंगळवारी होता. तो दुसऱ्या सत्रात आत आला, तेव्हा शर्ट त्याला आखूड होत होता. एकोणीस वर्षं मनात घालून बघितलेला शर्ट, त्याचं माप कोणी घेतलंच नव्हतं. चौथ्या मिनिटाला समोरचा सव्वाशे किलोचा गडी धावत आला. वाल्दे आधीच तिथे उभा होता. गडी छातीवर आदळला, पंचाने शिट्टी आमच्या बाजूने दिली, आणि माझा भाऊ पाठीवर पडून दोन्ही पाय वर करून मैदानभर घसरला.

अख्खी गॅलरी पुढे वाकली. टाळ्या नंतर वाजल्या. आधी सगळ्यांनी सोल बघितले.

“उजवा गेलाय,” माझ्या मागे कोणीतरी म्हणालं.

“गेलाय. पण कडा बघ.”

“हो रे. कडा बघ.”

मग त्याच दोघांपैकी एक, हळू आवाजात: “आणि या बाईंची डावी टाच बघितलीस?”

मी पाय खुर्चीखालून पुढे ओढून घेतले.