काहीच न झालेल्या पेशी

सरकारी कचेरीतून फोन आला तेव्हा ब्रेकताई एका दंतवैद्याला गाडी मागे घ्यायला शिकवत होत्या. दुसऱ्याच्या तोंडात बिनदिक्कत हात घालणारा हा माणूस आरशात बघून गाडी मागे घ्यायची म्हटली की घामाघूम व्हायचा. ताईंनी त्याला बाजूला थांबायला सांगितलं आणि फोन घेतला. मूळपेशींच्या संशोधनाला सरकारने पैसा द्यावा का आणि दिला तर त्यावर नजर कोणी ठेवायची, हे ठरवायला एक समिती नेमली होती. अर्धे सभासद जाणकार, अर्धे साधे नागरिक. नागरिक चिठ्ठ्या टाकून निवडले होते आणि एका चिठ्ठीवर ताईंचं नाव निघालं होतं.

"माझं?" ताई म्हणाल्या. "अहो, मी गाडी शिकवते."

"म्हणूनच," पलीकडचा माणूस म्हणाला. म्हणूनच म्हणजे काय, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

ब्रेकताई हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, तसा त्यांच्याही होता. पण इतक्या वर्षांत तो पाय असा काही सवयीचा झाला होता, की घरी कोचावर बसून सिनेमा बघतानाही पडद्यावरची गाडी वळणावर जोरात आली की ताईंचा उजवा पाय सतरंजीत रुतायचा. दादा त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करत.

दादा म्हणजे ताईंचे थोरले भाऊ. वहिनी गेल्यापासून ते वरच्या मजल्यावर एकटे राहत आणि जेवायला खाली येत. उभा जन्म त्यांनी फुटबॉलच्या मैदानावर पंच म्हणून घालवला होता. दर सामन्यात निदान शंभर माणसं ओरडून विचारायची, आंधळा आहेस का रे. दादा शिट्टी तोंडात धरून हसायचे. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यामागचा थर झिजतोय असं सांगितलं, तेव्हा दादा म्हणाले होते, "म्हणजे प्रेक्षकांचं निदान बरोबर होतं. जरा लवकर केलं, एवढंच."

विनोद छान होता, पण त्या दिवशी ते जेवले नव्हते. आता जिथे बघावं तिथे मधोमध एक डाग येई. कडेचं दिसे, नेमकं बघायचं ते दिसत नसे. समोरच्याचा चेहरा बघायचा तर त्याच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघावं लागे. नवखी माणसं मागे वळून बघायची, की कोण आलं.

आणि मूळपेशींपासून जे पहिलं औषध माणसांवर वापरून बघायचं घाटत होतं, ते नेमकं याच दुखण्यावरचं. मधली थोडीतरी नजर शिल्लक असलेल्या रोग्यांनाच ते देणार होते. दादांची नजर आणखी जेमतेम वर्षभर तेवढी राहील, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

ताईंनी पहिल्याच बैठकीत हे सांगून टाकलं. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. होती तीही गाडी शिकवताना गेली होती. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "मग तुम्हाला मत देता येणार नाही. बसा मात्र जरूर. शेवटच्या जाहीर सभेत प्रत्येक सभासदाला एक प्रश्न विचारता येतो, तो तुम्हालाही विचारता येईल."

"एकच?"

"एकच. नाहीतर सभा संपत नाहीत, असा अनुभव आहे."

दादांना हे ऐकून फार मजा वाटली. "म्हणजे शिट्टी दिली, कार्ड काढून घेतलं," ते म्हणाले. "काही हरकत नाही, ठमे. शिट्टी मोठी चीज आहे."

ठमे हे नाव जगात आता फक्त दादाच घेत.

मग रोज संध्याकाळी त्यांचं एकच काम झालं. ताई बैठकीहून आल्या की हातपाय धुवायची उसंत न देता दादा विचारायला बसत. या पेशी आणतात कुठून? मूल होण्यासाठी उपचार घेतलेल्या जोडप्यांनी उरलेले, सुईच्या टोकाएवढे गर्भ राजीखुशीने दिले, त्यातून. त्याला जीव म्हणायचं का? यावर समितीत दोन तास भांडण झालं. कोण जिंकलं? कोणी नाही. बरं, त्या पेशीला कसं कळतं, की आपण डोळ्याचं व्हायचं की नखाचं? ताईंना हे सांगता येत नसे. मग दुसऱ्या दिवशी त्या जाणकारांना विचारत आणि उत्तर घेऊन घरी येत. हळूहळू त्यांना स्वतःलाच त्याचं वेड लागलं. दंतवैद्याला चौकात सिग्नलला थांबवून त्यांनी एकदा विचारलं, "दाताला कसं हो कळतं, की आपण दात आहोत?" दंतवैद्याने विचार केला आणि सिग्नल हिरवा झालेला त्याला दिसला नाही.

एके दिवशी समितीला प्रयोगशाळेत नेलं. संशोधक बाई बुटक्या, चटपटीत होत्या आणि सतत काहीतरी शोधत असल्यासारख्या खिसे चाचपत. त्यांनी पाळीपाळीने सगळ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली एक चपटी काचेची बशी दाखवली. ताईंनी डोळा लावला आणि त्या हलेचनात. मधाच्या रंगाच्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या फरशा, अंगणात घातल्यासारख्या. या पेशींनी स्वतः होऊन हा रंग धरला होता. दादांच्या डोळ्यातून जे झिजून चाललं होतं, ते इथे बशीत नव्याने उगवलं होतं. ताईंचा रोखलेला श्वास सुटला आणि सूक्ष्मदर्शकाची काच धुरकटली.

ती पुसून त्यांनी परत बघितलं. कडेला एका ठिकाणी फिकट पुंजका होता.

"या कोण?" त्यांनी विचारलं.

"त्या काहीच न झालेल्या," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना सारखं खायला घालतो, सारखं उबेत ठेवतो. तरी काही जणी काही होतच नाहीत. तशाच बसून राहतात."

"डोळ्यात गेल्या तर?"

"बहुतेक वेळा काही नाही. पण एखादी वाढत सुटली, तर गाठ होऊ शकते. म्हणून आम्ही गाळतो. अगदी थोड्या उरतात, त्या मर्यादेत असतात."

संध्याकाळी दादांनी मधाचा रंग चारचारदा वर्णन करून घेतला. नक्की कुठला मध, काळपट की सोनेरी? मग फिकट पुंजक्याची गोष्ट आली आणि ते जेवता जेवता थांबले.

"मर्यादेत म्हणजे? ती मर्यादा कोणी आखली?"

"ते नाही विचारलं."

"ठमे, तेच विचारायचं असतं. चेंडू रेषेच्या आत की बाहेर यावर सगळं मैदान भांडतं. मी सामन्याआधी जाऊन बघायचो, की रेषा कोणी मारली. एकदा यजमान संघानेच मारली होती. पुसायला लावली आणि परत मारून घेतली."

दुसऱ्या दिवशी ताई शिकवणी रद्द करून प्रयोगशाळेत गेल्या आणि संशोधक बाईंना सरळ विचारलं. बाईंनी दार लोटून घेतलं.

"आम्हीच," त्या म्हणाल्या. "दुसरं ठरवणारं अजून कोणी नाहीच. विचार करून ठरवली आहे, उगाच नाही. पण ठरवली आम्हीच."

"समितीला दिलेल्या अहवालात तसं लिहिलेलं नाही."

"'मान्य मर्यादेत' असं लिहिलंय. मान्य कोणाला, ते नाही लिहिलं." बाईंनी खिसे चाचपले. "तुम्ही सभेत विचारलंत तर मी खरं तेच सांगेन. मग समिती म्हणेल, बाहेरच्या माणसांकडून मर्यादा ठरवून घ्या आणि त्यांच्यासमोर परत तपासून दाखवा. म्हणायलाच हवं. दीड वर्ष तरी जाईल."

"आणि मी नाही विचारलं तर?"

"तर मी आपणहून बोलायला हवं. रोज ठरवते आणि रोज धीर होत नाही. बाहेर बाकावर रोगी बसलेले असतात, ते तुम्ही बघितलेत ना?"

ताईंनी बघितले होते. एक तर त्यांच्या घरीच होता.

घरी आल्यावर त्या दादांशी पहिल्यांदा खोटं बोलल्या. बाई भेटल्या नाहीत, म्हणाल्या. दादांना ते पटलं आणि तिथून त्यांनी पिच्छा पुरवला. तुझा तो एक प्रश्न आहे ना, तो यासाठीच ठेव. उगाच भलतंसलतं विचारून वाया घालवू नकोस. सकाळी चहाच्या वेळी, जिन्यात, जेवताना, तेच. ताई हो म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. वर्षभर आणि दीड वर्ष, हे दोन आकडे त्यांनी मनात कितीदा शेजारी शेजारी ठेवून बघितले. ते काही जुळेनात.

सभा नगरभवनाच्या मोठ्या दालनात होती. दादा तिसऱ्या रांगेत कडेला बसले, म्हणजे मंच कडेने दिसेल. लोक दाटीवाटीने भरले होते. एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, की जीव सुईच्या टोकाएवढा असला तरी जीवच आणि माझ्या कराच्या पैशातून त्याची चिरफाड नको. काठी घेतलेली एक बाई म्हणाली, की तुमचं तत्त्वज्ञान होईपर्यंत मला नातवंडं दिसायची थांबतील. तिला टाळ्या मिळाल्या, गृहस्थांनाही मिळाल्या. सरकारी माणूस म्हणाला, देखरेख असेलच, काळजी नसावी. कोणाची देखरेख, हे त्याला कोणी विचारलं नाही. सगळ्यांना एकमेकांना उत्तरं द्यायची होती. प्रश्न कोणाकडेच नव्हता.

सभासदांची पाळी आली. कोणी खर्चाचं विचारलं, कोणी परदेशात काय करतात ते. ताईंचं नाव पुकारलं गेलं आणि त्या उभ्या राहिल्या. एक साधासा प्रश्न त्यांनी तयार ठेवला होता, उपचार खेड्यापाड्यांत पोचणार का, असा. चांगला प्रश्न होता. कोणाचं काही बिघडलं नसतं. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय इतका जोरात दाबला गेला होता, की पोटरीत पेटका आला.

त्यांनी दादांकडे बघितलं. दादा त्यांच्या कानाच्या पलीकडे बघत होते, म्हणजे त्यांच्याकडेच बघत होते, आणि मान हलवत होते. विचार, विचार.

"न झालेल्या पेशी किती उरल्या तर चालतील," ताईंनी विचारलं, "हे कोणी ठरवलं?"

संशोधक बाई उभ्या राहिल्या. त्यांनी खिसे चाचपले नाहीत. "आम्ही स्वतः," त्या म्हणाल्या. "आणि ते बाहेरच्या कोणीतरी ठरवायला हवं."

पुढे सगळं तसंच झालं. गाठीच्या धोक्याचा विषय निघाला. किती वेळ लागेल, असं अध्यक्षांनी विचारलं, बाईंनी दीड वर्ष सांगितलं, आणि काठीवाली बाई उठत होती ती परत खाली बसली. समितीने मतं घेतली. संशोधनाला पैसा द्यावा, मर्यादा ठरवायला वेगळं मंडळ नेमावं आणि त्याने होकार दिल्यावरच माणसांवर प्रयोग करावा. ताईंनी हात वर केला नाही, त्यांना मताचा हक्कच नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर गर्दी ओसरली. दादा कठड्याला धरून उभे होते. ताई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"दीड वर्ष," दादा म्हणाले.

"हो."

"बाईंनी पटकन सांगितलं. तयार होत्या." त्यांनी मान वळवली. "तुला ठाऊक होतं?"

"हो. मी भेटले होते त्यांना. तुझ्याशी खोटं बोलले."

"आणि मी रोज तुझ्या मागे लागलो होतो, हेच विचार, हेच विचार."

"हो."

"सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं," ताई म्हणाल्या, "तर तू प्रश्न मागे घेतला असतास?"

रस्त्यावरून दोन बसगाड्या गेल्या.

"घेतला असता," ते म्हणाले.

"म्हणून नाही सांगितलं."

"मला दिसायला हवं होतं गं," ते म्हणाले. "बाकी काही नाही. दिसायला हवं होतं."

ताईंना रडू आलं, आणि रडण्याचा हक्क आपला नाही असं वाटून त्याहून जास्त आलं. दादांनी त्यांना थोपटलं नाही.

"मला तुझा राग आलाय," ते म्हणाले. "साधासुधा नाही. घरी गेल्यावर मी तुझ्याशी बोलणार नाही. किती दिवस, ते आत्ता सांगता येत नाही."

"बरं."

मग दादांनी हात पुढे केला, ताईंनी कोपर धरून न्यावं म्हणून.

"त्या बाई आत असतील अजून?"

"असतील. का?"

"त्या काहीच न झालेल्या," दादा म्हणाले, "त्या नक्की कशाची वाट बघत असतात, ते मला विचारायचंय. चल लवकर, निघून जातील."