साखळीतलं पाचवं घर

पाववाल्याची बायको सकाळीच दवाखान्यात येऊन सुनेच्या नावनोंदणीचा कागद परत मागून गेली, तेव्हाच मावशीला खटकलं होतं. सुनेला नववा महिना लागलेला. पाववाल्याची दोन्ही मुलं मावशीच्याच हातांवर जगात आलेली. आणि आता ती बाई खिडकीतून हात पुढे करून, मावशीच्या तोंडाकडे न बघता म्हणत होती, "शहरातच नेतो म्हटलं तिला. तिथं सगळं मोठं आहे."

"तीन तासांचा रस्ता आहे," मावशी म्हणाली. "आणि त्यात रस्ता कमी, खड्डे जास्त."

"हो, ते आहेच," असं म्हणत तिनं कागद पिशवीत घातला आणि चपला फटफटवत निघून गेली.

मावशी या मिशनच्या दवाखान्यातली दाई. एकतीस वर्षं झाली. खरं नाव हजेरीच्या वहीतच उरलं होतं. डॉक्टरीणबाईंपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांची ती मावशी. मिशनचं आवार काही फार मोठं नव्हतं. एका कडेला दवाखाना, दुसऱ्या कडेला शाळा, मध्ये चर्च, आणि मागच्या बाजूला कामकऱ्यांची सहा घरं ओळीनं. शेवटचं घर डॉक्टरीणबाईंचं. पाळकसाहेबांचा बंगला फाटकाजवळ.

या सहा घरांची एक जुनी रीत होती. कुणावर संकट आलं की पाळकीणबाई पहिल्या घरी, म्हणजे जीपच्या ड्रायव्हरकडे निरोप द्यायच्या. ड्रायव्हरनं तो दुसऱ्या घरी स्वयंपाकीणबाईंना सांगायचा, त्यांनी तिसऱ्या घरी मास्तरांना, मास्तरांनी चौथ्या घरी धोब्याला, धोब्यानं पाचव्या घरी मावशीला, आणि मावशीनं डॉक्टरीणबाईंना. निरोप तिथं पोचला की डॉक्टरीणबाई दवाखान्याची घंटा वाजवायच्या. घंटा वाजली की ज्याच्या हातात जे असेल ते खाली ठेवून त्यानं डोळे मिटायचे आणि त्या माणसासाठी प्रार्थना करायची. याला सगळे प्रार्थनेची साखळी म्हणत. एकदा या घंटेपायी स्वयंपाकीणबाईंचं पातेलंभर दूध उतू गेलं होतं, पण त्यांनी आमेन होईपर्यंत डोळे उघडले नव्हते.

त्या दिवशी ऊन उतरताना मावशी दारात मटार सोलत बसली होती. धोबी आला. एकोणीस वर्षं तो याच पायरीशी येऊन उभा राहत आला होता, तसाच उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "मावशी, साखळी आहे. दाईसाठी प्रार्थना करायची. तिचे डोळे गेले, तिच्या हातून परवाच्या बाळंतपणात..."

आणि तोंडात मारल्यासारखा गप्प झाला.

"बोल की," मावशी म्हणाली.

"चुकून आलो. पाचवं घर सोडून सरळ सहाव्याला जायचं होतं. पाय आले इकडे."

"पायांनी बरं केलं. आता तोंडालाही बोलू दे."

धोब्यानं टोपी पिळून पिळून तिची दोरी केली. मग एकेक शब्द सांडत गेला. मावशीचे दोन्ही डोळे गेले आहेत. परवा तिचा हात चुकला आणि बाळाला इजा झाली. डॉक्टरीणबाईंनी ते दाबून ठेवलंय. उद्या सकाळी सभेत तिला कामावरून काढायचं आणि लगेच जीपनं लेकीकडे पोचवायचं ठरलंय. तिला यातलं काही माहीत नाही, कुणी सांगूही नये. तिला हे सोसायचं बळ मिळो.

काम गेलं तर लेकीच्या घरी कोपऱ्यातल्या खाटेवर बसून दिवस मोजायचे. एकतीस वर्षं ज्या खोलीत माणसाचा पहिला श्वास ऐकला, त्या खोलीत पुन्हा पाऊल नाही. सकाळची पाववालीण तिच्या डोळ्यांसमोरून गेली.

तिनं मटार बाजूला ठेवले. "डॉक्टरीणबाईंकडे जाऊ नकोस अजून."

"मग घंटा?"

"घंटा थांबेल. मला एवढंच सांग, यातलं तू ऐकलेलं किती आणि तुझं किती?"

"माझं कुठलं?"

"आठव."

धोब्यानं टोपीची पिळलेली दोरी उलगडली. मग हळूच म्हणाला, "डॉक्टरीणबाईंनी दाबून ठेवलंय, ते माझं. परवाच्या चादरींवर रक्त होतं. मी धुतल्या. मला वाटलं, एवढं रक्त म्हणजे काहीतरी झालं असणार."

"बाळंतपणाच्या चादरींवर काय गुलाबपाणी असतं का रे? एकोणीस वर्षं काय धुतोस?"

"तसं दर वेळी असतंच," धोबी म्हणाला, आणि स्वतःच चकित झाल्यासारखा दिसला.

मावशीनं पदराला हात पुसले आणि साखळी उलटी चालायला लागली. धोबी मागून.

मास्तर वह्या तपासत होते. मावशीला बघताच त्यांनी लाल पेन कानामागे खोचलं, मग काढलं, मग पुन्हा खोचलं. तिनं तोच प्रश्न विचारला. मास्तर सरळ माणूस, खोटं बोलायला लागले की खोकायचे. दोनदा खोकले आणि मग खरं बोलले. "माझ्यापर्यंत आलं ते एवढंच, की डोळे गेलेत, एखाद्या दिवशी हात चुकेल. मी म्हटलं, चुकला. बाळाला इजाही मीच केली."

"का हो?"

"प्रार्थनेला जोर यावा म्हणून. नुसतं चुकेल म्हटलं तर लोक अर्ध्या मनानं करतात, मावशी. तुमच्या काळजीपोटीच."

"माझ्या काळजीपोटी माझ्या हातून बाळाला इजा करवलीत," मावशी म्हणाली. ती रागावली नव्हती, आणि मास्तरांना तेच जड गेलं.

स्वयंपाकीणबाई तर तिला बघूनच रडायला लागल्या. हात चुकेल हे त्यांचं. कालच मावशी त्यांच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीऐवजी साखरेची बरणी घेऊन गेली होती. "बरण्या सारख्याच आहेत ना दोन्ही," मावशी म्हणाली. "हो," त्या हुंदके देत म्हणाल्या, "मी पण चुकते." ड्रायव्हर जीपखाली पडून होता. पायांशी बसून विचारलं तेव्हा आतूनच उत्तर आलं. उद्या सभेनंतर जीप तयार ठेव असं पाळकसाहेब म्हणाले होते. सभेत मावशीचा विषय, नंतर जीप. त्यानं दोन्हींची गाठ मारली. शिवाय अधू डोळ्यांचे त्यानं गेलेले डोळे केले होते. आणि हो, सकाळी पाव आणायला गेला तेव्हा तिथंही बोलला होता.

"जीप कशाला हवी होती ते विचारलंस का?"

जीपखाली पाना खाली ठेवल्याचा आवाज. मग, "शाळेच्या छपराचे पत्रे आणायला असेल. मागच्या आठवड्यात म्हणाले होते खरं."

आता उरला बंगला. मावशीचे पाय तिथं अडखळले, कारण पाळकीणबाई तिची या आवारातली सगळ्यात जुनी मैत्रीण. चाळिसाव्या वर्षी मावशीला अक्षरं शिकवली ती त्यांनीच, उपासनेच्या गीतांचं पुस्तक मांडीवर ठेवून, ओळीखाली बोट फिरवत. पुस्तक वाचता आलं त्या दिवशी दोघी लहान मुलींसारख्या आवारभर फिरल्या होत्या.

पाळकीणबाईंनी दार उघडलं. मावशीच्या मागे धोबी, मास्तर, डोळे पुसणाऱ्या स्वयंपाकीणबाई आणि हाताला ऑइल लागलेला ड्रायव्हर अशी वरात बघून त्या काय ते समजल्या.

"मी फक्त म्हटलं होतं, मावशीचे डोळे अधू झालेत, प्रार्थना करा, उद्या सभेत विषय काढू. पाचवं घर सोडा, हेही मीच म्हटलं."

"कशावरून म्हटलंस?"

"रविवारी गीताचं पुस्तक उलटं धरलं होतंस तू. तीनही गीतं संपेपर्यंत."

गीतं मावशीला तोंडपाठ होती; पुस्तक ती आता नुसतं हातात धरत असे.

"मला का नाही विचारलंस?" ती म्हणाली.

"चिडली असतीस."

"चिडले असते. दोन दिवस बोलले नसते. मग?"

"मग काय, तिसऱ्या दिवशी चहाला आली असतीस," पाळकीणबाई म्हणाल्या. "चुकलं माझं."

मावशी पायरीवर बसली. सगळ्यांना विचारून झालं होतं. आता स्वतःला विचारायची पाळी होती. "यात माझंही आहे," ती म्हणाली. "डाव्या डोळ्यापुढे दोन वर्षं धुकं आहे. उजवा चांगला आहे, पण बारीक अक्षर त्यालाही लागत नाही. एका डोळ्याच्या दाईला कोण जवळ येऊ देईल म्हणून मी बोलले नाही. मी गप्प बसले आणि ती जागा तुम्ही भरलीत."

दुसऱ्या दिवशी सभेच्या आधी ती डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी डोळ्यात मारली. "मोतीबिंदू. पिकलाय. शहरात सोमवारी शिबिर आहे, नाव घालते." मग बॅटरी बंद करून त्या म्हणाल्या, "लपवलंत ते मला आवडलेलं नाही, मावशी."

"मलाही," मावशी म्हणाली.

सभा शाळेच्या पहिलीच्या वर्गात भरली. मोठी माणसं छोट्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसली होती. पाळकसाहेबांनी घडीचा कागद उघडला, पण मावशी आधीच उभी राहिली आणि डोळ्याचं जे होतं ते बोलली. मग डॉक्टरीणबाई उठल्या.

"त्या दिवशीचं बाळंतपण माझ्यासमोर झालं. वर्षभरातली सगळी माझ्यासमोर झाली. एकाही बाळाला किंवा आईला मावशींच्या हातून इजा नाही. ऑपरेशन होऊन डोळा बरा होईपर्यंत टाके नर्स घालेल. बाकी खोली मावशींची होती, मावशींचीच राहील. यापुढे हा विषय कुणाला काढायचा असेल तर माझ्याकडे यावं, दिवसाउजेडी."

पाळकसाहेबांनी कागदाची पुन्हा घडी केली. रविवारी उपासनेत सगळ्यांनी मावशीची माफी मागावी, असं त्यांनी सुचवलं.

"माफी कालच झाली, पायरीवर," मावशी म्हणाली. "मला साखळी हवी. आजच. पण ती माझ्यापासून सुरू होईल. आणि यापुढे ज्याच्यासाठी प्रार्थना, त्याच्याच तोंडून ती सुरू व्हावी. तो खाटेला खिळला असेल तर त्याच्या खाटेपासून."

मग तिनं ड्रायव्हरला समोर उभं केलं आणि एकेक शब्द मोजून दिला. "मावशीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. दोन वर्षं तिनं तो लपवला. उजवा डोळा चांगला आहे. सोमवारी ऑपरेशन आहे. तिच्या हातून कुठल्याही बाळाला इजा झालेली नाही. एवढंच."

ड्रायव्हर ओठ हलवत निघाला.

त्या दिवशी कामं कुणाचीच धड झाली नाहीत. मावशी दुपारभर दारात बसून होती. मटार कालचेच होते, पण सोलायला हात धजेनात. कालचा निरोप चार घरं चालून डोंगराएवढा झाला होता. आजचाही चार घरंच चालणार होता, तीच घरं, तीच माणसं. स्वयंपाकीणबाई मास्तरांच्या दारात गेलेल्या तिला दिसल्या. उजव्या डोळ्यानं, स्पष्ट. मग मास्तर धोब्याकडे गेले, न खोकता.

धोबी आला. टोपी काढली, छातीशी धरली, शाळेतल्या पोरासारखे पाय जुळवले.

"मावशीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. दोन वर्षं तिनं तो लपवला. उजवा डोळा चांगला आहे. सोमवारी ऑपरेशन आहे. तिच्या हातून कुठल्याही बाळाला इजा झालेली नाही." तो थांबला, श्वास घेतला. "एवढंच."

ते 'एवढंच'सुद्धा त्यांनी चार घरं सांभाळून आणलं होतं.

मावशी हसायला लागली. हसता हसता डोळे भरले, चांगलाही आणि धुक्यातलाही. मग ती उठली आणि सहाव्या घरी निरोप द्यायला स्वतः गेली. थोड्याच वेळात घंटा वाजली. जीपच्या खालून, चुलीपुढून, वह्यांवरून, इस्त्रीवरून माणसांनी हात काढले आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाववालीण सुनेचा कागद घेऊन खिडकीशी उभी.

"शहरात मोठं आहे ना सगळं?" मावशीनं विचारलं.

"ड्रायव्हर येऊन सांगून गेला. सगळं. लपवलंत तेसुद्धा." तिनं कागद आत सरकवला. "स्वतःचं वाईट सांगणारी बाई बरी, असं आमच्या सासूबाई म्हणाल्या. टाके मात्र नर्सच घालेल ना?"

"तोवर माझा डोळा उघडला नसेल, तर नर्सच."

महिन्याभरानं, डोळ्यावर नवा चष्मा लावून मावशीनं पाववाल्याच्या सुनेची मुलगी हातावर घेतली. त्या रविवारी पुस्तक सरळ धरून, पाळकीणबाईंच्या शेजारी बसून, तिनं तीनही गीतं वाचून म्हटली. पण त्याआधी, मुलगी झाली त्याच दिवशी, बाळंतिणीनं उशीवरूनच पहिला निरोप दिला होता, आणि तो घरं ओलांडत पाचव्या पायरीशी पोचला होता.

"मुलगी झाली," धोबी म्हणाला. "दोघी खुशाल आहेत. एवढंच."

तो जाईना. टोपी हातात फिरवत राहिला.

"आता काय?"

"मावशी, यात एक माझं घालू का?"

"बाळंतिणीला विचारलंस?"

"विचारून आलोय. घाल म्हणाली."

"मग घाल."

"नाक आजीवर गेलंय," धोबी म्हणाला, आणि मावशी ते शब्द जसेच्या तसे घेऊन डॉक्टरीणबाईंच्या दाराकडे निघाली.